काळ्या जोडीची ठिपकेदार पिल्लं

प्रश्न : माझा कोंबडा काळा, कोंबडीही काळी. तरी बारा पिल्लांपैकी तिघांच्या पिसांची टोकं पांढरी निघाली. सगळे म्हणतात, शेजारचा ठिपकेदार कोंबडा आवारात शिरला असणार. खरं काय? – एक वाचक, तासगाव

उत्तर : शेजाऱ्याशी भांडू नका हो! हा ठिपका देणारा जनुक अप्रभावी आहे. आई आणि बाप दोघांकडून एकेक प्रत आली तरच तो दिसतो. एकच प्रत असलेला पक्षी काळाच राहतो. म्हणजे बाप कुठलाही असो, तुमच्या कोंबडीत हा जनुक आहेच. काळ्या बापातही असेल, तर सरासरी चारात एक पिल्लू ठिपकेदार. तुमचा हिशेब नेमका जुळतो, पण शेजारचा कोंबडा त्यातून सुटत नाही.

खात्री हवी ना? मग ठिपकेदार तलंग (तरुण कोंबडी) वयात आली की तुमच्याच काळ्या कोंबड्याजवळ वेगळी ठेवा. आधीच्या नराचा अंश संपायला तीन आठवडे जाऊ द्या, मगच अंडी उबवायला घ्या. एकही ठिपकेदार पिल्लू निघालं तर तुमच्या कोंबड्यात जनुक आहे. मात्र अशी जवळच्या नात्यातली जोडी पुढे चालवू नका, वंश खालावतो.

आमच्या विट्याकडे ठिपकेदार पक्ष्यांची पिसं झडून नवी आली आणि पांढरं वाढलं की लोक घाबरतात. तो रोग नाही. या रंगात तसंच होतं.