कुत्र्याचं पिल्लू सारखं चावतं, ही सवय कशी मोडावी?

तुम्ही लिहिलंय की पिल्लू अडीच महिन्यांचं आहे, दीड महिन्याचं असताना ओळखीच्यांच्या शेतावरून आणलं, दिवसभर हातापायांना चावतं, सहा वर्षांच्या मुलीच्या पोटऱ्यांवर ओरखडे उठलेत, आणि नाकावर टपली मारली की आणखीच अंगावर येतं.

सवयीचं नंतर बोलू. आधी मुलीचे ओरखडे. पिल्लाला रेबीजची पहिली लस साधारण तीन महिन्यांचं झाल्यावर देतात, म्हणजे तुमच्या पिल्लाला ती मिळालेली नसणार. शेतावरच्या त्याच्या आईला कधी लस दिली होती का, हेही बहुधा कुणाला माहीत नसेल. दात लागून कातडी खरचटली असेल, रक्त आलेलं नसलं तरी, मुलीला डॉक्टरांना दाखवा. लस द्यायची की नाही हे त्यांना ठरवू द्या. यापुढे दात लागला की लगेच वाहत्या पाण्याखाली साबण लावून जखम पूर्ण पंधरा मिनिटं धुवायची. हळद, चुना, तिखट काहीही भरायचं नाही. पोटातली चौदा इंजेक्शनं आता राहिलेली नाहीत. लस दंडात देतात, सरकारी दवाखान्यातही मिळते, फक्त ठरवून दिलेली एकही तारीख चुकवायची नाही. ‘एवढंसं तर पिल्लू आहे, त्याला कुठला रेबीज’ असं म्हणणारे मला नेहमी भेटतात. पिल्लांनाही रेबीज होतो.

आता चावण्याबद्दल. साताऱ्याला आमच्या पडवीत गेली अकरा वर्षं आईविना राहिलेली पिल्लं येतात, चांगलं घर मिळेपर्यंत राहतात आणि जातात. चावलं नाही असं एकही पिल्लू मी पाहिलेलं नाही. आपण वस्तू हातात घेऊन बघतो, पिल्लू ती तोंडात घेऊन बघतं. त्यात तुम्ही त्याला दीड महिन्याचं आणलंत, आणि माझ्या मते अर्धं उत्तर तिथेच आहे. भावंडांशी मस्ती करताना एकानं जोरात चावलं की दुसरं केकाटतं आणि खेळ सोडून निघून जातं. आईला दूध पिताना दात टोचले की ती उठून चालू लागते. किती जोरात चावलं तर खेळ मोडतो, हा धडा पिल्लू तिथे शिकतं. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला केंद्र सरकारच्या कुत्र्यांच्या पैदास-विक्रीबद्दलच्या 2017च्या नियमांनी बंदी आहे, ती उगाच नाही. तुम्हाला दोष देत नाही, हे सांगितल्याशिवाय कळणार कसं? पण भावंडांनी जे शिकवायचं राहिलं, ते आता तुम्हाला शिकवायचंय.

म्हणून टपली आजपासून बंद. तोंडासमोर हात आला की पिल्लाला एक तर तो खेळ वाटतो, नाही तर भीती. खेळ वाटला तर ते हात पकडणार. भीती वाटली तर काही महिन्यांनी कुणी प्रेमानं हात पुढे केला तरी ते आधी दात दाखवेल. तोंड दाबून धरणं, मानगूट धरून हलवणं, उताणं पाडून दाबून ठेवणं, हे सगळं त्यातच आलं.

करायचं ते असं. खेळताना ते हळुवार तोंडात धरत असेल, तर पहिले दोन-तीन आठवडे धरू द्या. दात टोचले की हात मात्र ओढू नका, कारण पळणारी वस्तू पकडायचीच, हे त्याच्या रक्तात आहे. हात तिथेच सैल सोडा, एकदाच ‘आई गं’ म्हणा, उठा आणि पाठ फिरवा. वीस-तीस सेकंद बोलायचं नाही, बघायचं नाही. पायाला येऊन लोंबकळलं तर दाराच्या पलीकडे जा. आम्ही उंबऱ्यावर एक आडवी फळी लावून ठेवलीय, तेवढ्यासाठीच. मग शांतपणे परत या आणि खेळ पुन्हा सुरू करा. काही पिल्लं ‘आई गं’ ऐकून थबकतात, काहींना त्यानं आणखी चेव येतो. तुमचं दुसऱ्या प्रकारचं असेल तर तोंडातून आवाजही काढू नका, नुसतं उठा.

जोर कमी झाला की मग पुढची पायरी: दात नुसता लागला तरी खेळ बंद. पहिल्या दिवसापासून ‘तोंडच लावायचं नाही’ असं का नको, हे विचाराल. कारण उद्या मोठ्या कुत्र्याच्या शेपटीवर चुकून कुणाचा पाय पडला, तर ते दचकून वळणारच. लहानपणी जोर आवरायला शिकलेलं कुत्रं बहुतेक वेळा दात टेकवून सोडतं. न शिकलेलं हाडापर्यंत जातं.

एक गोष्ट फार कमी लोक विचारतात: पिल्लू झोपतं किती? या वयात त्याला दिवसाकाठी अठरा ते वीस तास झोप लागते. आपल्या घरात टीव्ही, शाळेतून आलेली मुलं, पिल्लू बघायला येणारे शेजारी, यात ती होते कुठे? संध्याकाळी सात-आठला जे डोळे फिरल्यासारखं धावतं, वाट्टेल त्याला चावतं, ते पुष्कळदा झोपेला आलेलं असतं. झोपेला आलेलं मूल किरकिर करतं, तसंच हे. आमच्याकडची तांबू नावाची पिल्ली रोज संध्याकाळी माझ्या सलवारीला लोंबायची. तिला खेळवून दमवायचा प्रयत्न आठवडाभर केला, ती आणखी बिथरली. मग तासभर जागी राहिली की तिला आतल्या खोलीत जुन्या गोधडीवर ठेवून दिवा मालवायला लागले. पहिल्या दिवशी पाच मिनिटं कुरकुरली आणि जी झोपली ती दोन तासांनी उठली. सलवार चार दिवसांत सुटली.

तांबूला पदर सोडायला शिकवलं ते माझ्या सासूबाईंनी. त्या पाटावर बसून मेथी निवडायच्या आणि ही पदराचं टोक धरून मागे ओढायची. सासूबाई पदर सोडवायच्या नाहीत. हात मांडीवर घ्यायच्या, तोंड भिंतीकडे करायच्या आणि गप्प बसायच्या. थोडा वेळ गुरगुरून, ओढून तांबू कंटाळायची, पदर तोंडातून गळायचा, ती खाली बसायची. त्याच क्षणी सासूबाई भाकरीचा चिमूटभर तुकडा तिच्यासमोर ठेवायच्या. एक शब्द नाही. दहा-बारा दिवसांनी ती मेथीची जुडी दिसली की आपणहून पाटाशेजारी येऊन बसायला लागली. मला तोवर वाटायचं की शिकवणं म्हणजे सारखं ‘नो, नो’ म्हणणं.

घरातल्या सगळ्यांचं वागणं मात्र एकच हवं. तुम्ही दिवसभर उठून जाताय आणि रात्री कुणीतरी हातानं कुस्ती खेळतंय, असं झालं तर पिल्लाला काही कळणार नाही. खेळायचं तर दोरीनं किंवा जुन्या कपड्याच्या वेणीनं. झाडू-पोछाच्या वेळी त्याला फळीपलीकडे ठेवा आणि चावायला काही द्या. ओली करून फ्रीजरमध्ये ठेवलेली सुती कपड्याची घट्ट गाठ हिरड्यांना बरी वाटते, नजरेसमोर असेल तर थंड गाजरही चालतं. शिजवलेल्या कोंबडीचं हाड कधीही नको, त्याच्या कपच्या होऊन आतडं फाटू शकतं. जुनी चप्पलही नको. जुनी आणि नवी यातला फरक त्याला समजत नाही.

मुलीला ‘झाड’ व्हायला शिकवा. पिल्लू अंगावर आलं की पळायचं नाही, किंचाळायचं नाही, हात काखेत घालून, खाली बघत उभं राहायचं. सहा वर्षांच्या मुलीला हे छान जमतं, पण सराव पिल्लू झोपलेलं असताना घ्या. दोघांना एकटं मात्र सोडू नका, दोन मिनिटंसुद्धा नाही.

खेळातलं चावणं सैल अंगानं, उड्या मारत असतं. ताटलीजवळ गेल्यावर अंग ताठ होत असेल, डोळ्यांचा पांढरा भाग दिसत असेल, खोल गुरगुर येत असेल, तर ती वेगळी गोष्ट आहे. ताटली हिसकावून ‘मालक कोण’ ते दाखवू नका. पशुवैद्यांना दाखवा.

आणि चार महिन्यांच्या आसपास सगळं पुन्हा सुरू झाल्यासारखं वाटेल. दुधाचे अठ्ठावीस दात पडून पक्के बेचाळीस यायला लागतात, ते सहा-सात महिन्यांपर्यंत चालतं, आणि तेवढा काळ हिरड्या शिवशिवतात. शिकवलेलं वाया गेलं नाही, तेच पुढे चालू ठेवा. झाडताना तांदळाच्या दाण्याएवढा दात सापडला, चावलेल्या कपड्यावर रक्ताचा ठिपका दिसला, तर घाबरू नका. पुष्कळ दात तर पिल्लं गिळूनच टाकतात.