दोन तिकिटं काढण्याआधी

"ताई, मी आणि माझा मित्र नववीपासून सोबत आहोत. २०१२पासूनचा प्रत्येक 'अ‍ॅव्हेंजर्स' सिनेमा आम्ही पहिल्याच दिवशी, शेजारशेजारच्या खुर्च्यांवर बसून पाहिला. आता त्याच मालिकेतल्या 'डूम्सडे'मध्ये आपला आयर्न मॅन, रॉबर्ट डाउनी ज्युनियर, खलनायक डॉक्टर डूम होणार, म्हणून मी वेडा झालोय. त्याचं म्हणणं, ज्याचा आयर्न मॅन 'एंडगेम'मध्ये गेला, तोच चेहरा परत आणला तर त्या मरणाला अर्थ काय राहिला? वाद चढत गेला आणि आमच्या सात जणांच्या ग्रुपवर मी लिहिलं, 'तू कधी खरा फॅन नव्हतासच.' बाकीच्यांनी हसण्याचे इमोजी टाकले. तो ग्रुप सोडून गेला. चार महिने बोलणं बंद आहे. सिनेमा चांगला निघाला तर तो आपणहून बोलेल ना? पहिल्या शोची दोन तिकिटं काढून ठेवू का?"

(पत्र बरंच लहान केलं आहे.)

प्रिय मित्रा,

तुझं मूळ पत्र चार पानांचं आहे आणि त्यातली तीन पानं डॉक्टर डूमने व्यापली आहेत. पण मधेच एक ओळ आहे: "मला पहिलं कॉमिक त्यानेच वाचायला दिलं होतं." ती लिहून तू लगेच पुढे गेलास. मी तिथेच अडले. ज्याने तुला हाताला धरून या दुनियेत आणलं, त्यालाच तू सगळ्यांसमोर सांगितलंस की तू इथला नाहीस. आवडत्या नटावरून कोणी चार महिने अबोला धरत नाही रे. त्याला ही ओळ लागली आहे.

तुझ्या उत्साहात काही चूक नाही. जुलै २०२४मध्ये सॅन डिएगोच्या कॉमिक-कॉनमध्ये, कॉमिकप्रेमींच्या मेळाव्यात, डाउनीने डूमचा मुखवटा काढला, तेव्हा तू ओरडलास, नाचलास, छान केलंस. पण त्याच क्षणी तुझ्या मित्राच्या पोटात कालवलं असेल, तर तेही त्याच प्रेमातून आलं. ज्याला आयर्न मॅनचं जाणं मनापासून लागलं, त्यालाच त्या चेहऱ्याचं परत येणं खुपणार. ज्याला काहीच वाटलं नव्हतं, तो कशाला भांडत बसेल?

१९८८मध्ये मायकल कीटन बॅटमन होणार हे जाहीर झालं, तेव्हा वॉर्नर ब्रदर्सकडे निषेधाची सुमारे ५०,००० पत्रं आल्याचं सांगतात. विनोदी भूमिका करणारा माणूस बॅटमन कसा शोभेल, हा त्यांचा राग होता. पुढच्या वर्षी सिनेमा आला आणि तुफान चालला. २००६मध्ये हीथ लेजरला बॅटमनचा शत्रू जोकर म्हणून निवडलं तेव्हाही चाहत्यांनी नाकं मुरडली होती. 'द डार्क नाइट' २००८च्या जुलैमध्ये आला, त्याआधीच जानेवारीत लेजर गेला होता, आणि २००९चं ऑस्कर त्याच्या पश्चात त्याला मिळालं. हे वाचून तू म्हणशील, बघा, शंका घेणारेच चुकतात. मग २०१९चा 'जोकर' आठव. त्याने जगभरात १०० कोटी डॉलरहून जास्त कमावले, आणि २०२४मध्ये त्याचा पुढचा भाग आला तो २० कोटींच्या आसपास अडकला. तिथे तुझ्यासारखे आशेने बसलेले लोक तोंडघशी पडले. मला कीटनच्या वेळचे ते पत्र लिहिणारे लोक फार जवळचे वाटतात. कागद घेऊन, पाकिटावर पत्ता घालून, पोस्टात टाकण्याइतकं बॅटमनवर त्यांचं प्रेम होतं. त्यांचा अंदाज चुकला, पण म्हणून त्यांना कोणी खोटे चाहते म्हणू नये.

म्हणून तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर: सिनेमाची वाट बघत बसू नकोस. 'डूम्सडे' चांगला निघाला तर तुझं वाक्य त्याला आणखी बोचेल, कारण आता तू जिंकलेला असशील. वाईट निघाला तर तो जिंकेल आणि तुला फोन करणं आणखी जड जाईल. आणि तो कसा निघाला यावर तुम्हा दोघांचं एकमत होईल, असं कुठे आहे? आधी मे २०२६ची तारीख होती, ती १८ डिसेंबरवर गेली तेव्हा तू चिडला होतास असं लिहिलं आहेस. मला वाटतं, तुम्हाला जास्तीचा वेळ मिळाला.

फोन कर. मेसेज नको. नवा टीझर पाठवून बोलणं सुरू करायचा मोह होईल, तो आवर, नाहीतर पुन्हा डूमवरच बोलत बसाल आणि माफी राहून जाईल. एवढंच म्हण: "मी तुला खरा फॅन नाहीस असं म्हणालो. ते खोटं होतं आणि मी ते सगळ्यांसमोर बोललो. माझं चुकलं." तिथे थांब. "पण तूही..." ही शेपूट जोडू नकोस. मग ग्रुपवरही तेच लिही, तो तिथे नसला तरी. अपमान सात जणांत झाला होता, माफी कानात सांगून भागणार नाही. ज्यांनी हसण्याचे इमोजी टाकले, त्यांनाही ते वाचू दे.

तिकिटं आत्ता काढू नकोस. हातात तिकीट ठेवून विचारलं की नकार देणं अवघड होतं, आणि त्याला नकार देता आला पाहिजे. कदाचित तो माफी घेईल आणि तरी म्हणेल, मला हा सिनेमा नाही बघायचा. मग तू जा, मनसोक्त बघ, आणि त्याने विचारल्याशिवाय एक अक्षर सांगू नकोस.

मी आणि माझा भाचा एप्रिल २०१८ ते एप्रिल २०१९, म्हणजे 'इन्फिनिटी वॉर' आणि 'एंडगेम'च्या मधलं सबंध वर्ष, एका वहीत अंदाज लिहीत होतो. पहिल्याच्या शेवटी नाहीसे झालेल्यांपैकी कोण परतणार, कसं परतणार. ट्रेलरवर विसंबायचं नाही हे आम्ही आधीच शिकलो होतो, कारण 'इन्फिनिटी वॉर'च्या ट्रेलरमध्ये वाकांडा या काल्पनिक देशात धावणारा हिरवा हल्क सिनेमात तसा नव्हताच. वहीतलं जवळजवळ काहीच खरं ठरलं नाही. ती वही मी अजून जपून ठेवली आहे. समोर दुसरं माणूस असल्याशिवाय अशी वही भरत नाही, आणि तुझ्या पत्रात चार महिन्यांचा जो कोरडेपणा दिसतो, तो मला या वहीमुळे नीट कळतो.

तो बोलायला लागला, तर त्याला 'एंडगेम'बद्दल विचार. आयर्न मॅन गेला तेव्हा शेजारच्या खुर्चीवर त्याला काय वाटलं होतं? तू शेजारीच होतास, पण पत्रात ते कुठेच नाही, म्हणून मला वाटतं तू कधी विचारलंच नाहीस. तो सांगेल तेवढं ऐक. डूमचा विषय त्यानेच काढू दे.

तुझी,
ताई