मुलांना स्वतःची बिझनेस आयडिया तयार करून मांडायला कशी मदत करावी?

तुमचा मुलगा दहा वर्षांचा, रोज नवीन आयडिया काढतो आणि आता त्यातली एक वर्गासमोर तीन मिनिटांत मांडायचीय, तर आईबाबांनी किती हात घालावा असं विचारलंय तुम्ही. मी सुट्टीत मुलांचा असाच एक ग्रुप घेते, त्यातून जे कळलं ते सांगते.

आधी स्लाइड्स बाजूला ठेवा. पहिल्या वर्षी मी एका मुलीची वाक्यंसुद्धा बसवून दिली होती, बोलली मस्त, पण कुणीतरी विचारलं "हे विकत कोण घेणार?" आणि ती उत्तरासाठी माझ्याकडे बघायला लागली. तेव्हापासून मी मुलांची वाक्यं लिहून देणं बंदच केलं.

मदत किती करायची हे मी मुलांना आणि पालकांना चेस्टर ग्रीनवुडच्या गोष्टीवरून सांगते. अमेरिकेतल्या मेन राज्यातला मुलगा, 1873 साली 15 वर्षांचा, बर्फावर स्केटिंग करताना कान गारठायचे म्हणून त्याने तारेचे दोन गोल वाकवले आणि आजीकडून त्यांना फर शिवून घेतली. झाले इअरमफ्स, म्हणजे थंडीत कान झाकायचे! 1877 मध्ये पेटंट मिळालं, पुढे कारखानाही काढला. यात मला आजी फार आवडते. तिने शिवून दिलं, पण काय करायचं ते नातवाने ठरवलं. तुम्ही पण कापा, चिकटवा, गरम ग्लू गन धरा, पण डोकं त्याचं चालू दे.

आयडिया सुचत नसेल तर त्याला आठवडाभर एका वहीत फक्त "आज कोण कशाला वैतागलं" एवढंच लिहायला सांगा. पेन्सिली हरवतात, वायरींचा गुंता होतो, लहान भावाला झिप लावता येत नाही, असलं काहीही. त्यातून एक निवडायचं आणि घरातले सोडून पाच जणांना जाऊन विचारायचं, कारण घरचे सगळे "छान आहे" म्हणतात आणि त्याचा काही उपयोग नसतो. आणि "तुला हे आवडेल का?" असं विचारलं की बाहेरचेही हो म्हणतात, म्हणून "मागच्या वेळी असं झालं तेव्हा तू काय केलंस?" असं विचारायला शिकवा. माझ्या ग्रुपमधला एक मुलगा पाण्याच्या बाटल्यांसाठी नावाचे टॅग करणार होता, मुलांना विचारलं तर कुणाला काही पडलेलीच नव्हती, बाटली हरवली तर हरवली, पण त्यांच्या आया मात्र लगेच "कधी देतोस?" म्हणाल्या. वापरणारा वेगळा आणि पैसे देणारा वेगळा, हे त्याला त्या एका संध्याकाळी कळलं, मी दहा वेळा सांगून कळलं नसतं.

हिशोब मात्र सोबत बसून करा, तिथे मुलं हमखास गडबडतात. घरातला कागद, रंग, दोरा ते फुकट धरतात. 20 नग केले आणि 12 विकले तर उरलेल्या 8 नगांचा खर्चही त्या 12 मधूनच निघायला हवा, हे कागदावर काढून दाखवा. आणि एक नग करायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून मोजायला सांगा, 40 मिनिटं लागत असतील तर 20 नगांना तेरा तासांच्या वर जातात, एवढं जमणारे का ते त्यालाच ठरवू द्या.

बोलायचं पाठ करून घेऊ नका, एक शब्द विसरला की सगळंच विसरतात. सुरुवात एका खऱ्या माणसाच्या त्रासाने, मग हातातली वस्तू दाखवायची (कच्ची, वाकडी असली तरी चालेल, उलट लोक नीट बघतात), मग पाच जण काय म्हणाले, खर्च किती, आणि शेवटी समोरच्यांकडून काय हवंय ते. लाजरा असेल तर पहिले काही दिवस एकाच माणसासमोर बोलू दे. खरी प्रॅक्टिस प्रश्नांची करा, आणि "हे मला माहीत नाही, विचारून सांगतो" हे उत्तर चालतं हे त्याला आधीच सांगून ठेवा, त्याने मुलांची अर्धी भीती जाते.

आणि एक, पुढे खरंच विकायला बसला आणि काही नग उरले तर ते तुम्ही गुपचूप नातेवाइकांना घ्यायला लावू नका प्लीज. ते का उरले हे त्याला गिऱ्हाइकांना विचारू दे.