आयआरएने (आयरिश रिपब्लिकन आर्मी, ब्रिटिश सत्तेविरुद्ध लढणारी सशस्त्र संघटना) शस्त्रं खाली ठेवल्यावरही काही आयरिश प्रजासत्ताकवादी लढतच का राहिले?

माथेफिरू होते म्हणून, असं मलाही पूर्वी वाटायचं. पण मुळात हा वारसाहक्काचा वाद आहे.

कट्टर मंडळींच्या लेखी आयर्लंडची खरी संसद एकच, १९२१ ची 'दुसरी डॉल'. तिनेच पुढच्या वर्षी ब्रिटनबरोबरचा, पूर्ण प्रजासत्ताकाऐवजी साम्राज्यातलं स्वराज्य देणारा करार ६४ विरुद्ध ५७ मतांनी मान्य केला. यांचं म्हणणं, प्रजासत्ताक मत देऊन मोडीत काढायचा अधिकार कुणालाच नव्हता. १९३८ मध्ये तिच्या उरलेल्या कट्टर सदस्यांनी आपले अधिकार आयआरएच्या आर्मी कौन्सिलला देऊन टाकले. पुढची गंमत बघा. १९६९ ला आयआरए फुटली तेव्हा त्या सदस्यांपैकी टॉम मॅग्वायर हयात होते, त्यांनी प्रोव्हिजनल गटाला (हीच पुढची मुख्य आयआरए) कौल दिला. १९८६ मध्ये आयआरएच्या राजकीय पक्षाने, शिन फेनने, डब्लिनच्या (कट्टरांच्या लेखी बेकायदा) संसदेत बसायचं ठरवलं, त्याविरोधात नेते रुअरी ओ ब्राडी बाहेर पडले, आणि नव्वदी ओलांडलेल्या मॅग्वायर यांनी कौल फिरवला, तो फुटलेल्यांच्या कंटिन्युइटी आयआरएकडे. एका म्हाताऱ्याच्या शब्दावर गादी इकडून तिकडे!

१९९७ ची फूट निराळी. युद्धबंदी नको म्हणून शस्त्रसाठा सांभाळणारे मायकेल मॅकेव्हिटच बाहेर पडले आणि रिअल आयआरए उभी राहिली. त्यांची बायको बर्नाडेट ही १९८१ मध्ये तुरुंगातल्या उपोषणात मेलेला आयआरए कैदी बॉबी सँड्स याची बहीण. बेलफास्टमध्ये शिन फेनच्या कचेरीच्या भिंतीवर सँड्सचं मोठं चित्र आहे, आणि बहीण मात्र त्या पक्षाने मान्य केलेल्या १९९८ च्या शांतता करारावर (गुड फ्रायडे करार) उघड टीका करत होती.

मे १९९८ च्या सार्वमतात उत्तरेत (ब्रिटनकडच्या उत्तर आयर्लंडमध्ये) ७१ आणि दक्षिणेत (आयर्लंड प्रजासत्ताकात) ९४ टक्के लोक या कराराच्या बाजूने होते. विरोधक म्हणाले, दोन वेगळ्या मतपेट्या म्हणजे फाळणीच की. मला हा युक्तिवाद अगदीच पोकळ वाटत नाही, पण ऑगस्टमध्ये उत्तर आयर्लंडमधल्या ओमाच्या बाजारात रिअल आयआरएच्या बॉम्बने २९ माणसं मारली, त्यात जुळ्यांसह गरोदर असलेली एक बाई होती. त्यानंतर ऐकायला कोण थांबणार?

आणि करारविरोधी म्हणजे युद्धवादी असंही समजू नका. १९८० च्या तुरुंगातल्या उपोषणाचे नेते ब्रेंडन ह्यूज यांनी शिन फेनचे तेव्हाचे अध्यक्ष जेरी ॲडम्स यांच्यावर जळजळीत टीका केली, पण पुन्हा बंदुका उचला म्हणणाऱ्यांत ते नव्हते.

२००९ मध्ये अशा फुटीर गटांच्या हल्ल्यांत दोन ब्रिटिश सैनिक आणि एक पोलीस मारला गेला, तेव्हा शिन फेनचे नेते आणि उत्तर आयर्लंडचे उपप्रथममंत्री मार्टिन मॅक्गिनेस पोलीसप्रमुखांशेजारी उभं राहून मारेकऱ्यांना 'आयर्लंड बेटाचे गद्दार' म्हणाले. हेच मॅक्गिनेस १९७२ मध्ये डेरीत आयआरएचे क्रमांक दोनचे कमांडर होते.