नाणं घरी येईपर्यंत

प्रश्न : मी बरीच वर्षं नाणी जमवतो. परदेशातल्या एका संग्राहकाकडे 2011 सालचं, एक बिटकॉइनचं पितळी कॅसेशियस नाणं विकायला आहे. माणूस बोलायला चांगला आहे. पैसे मात्र आधी आणि बिटकॉइनमध्येच हवेत म्हणतो. वर असंही म्हणाला, की 'खोक्यावर भेटवस्तू लिहितो, किंमत किरकोळ टाकतो, तुमची ड्युटी वाचेल.' फोटोत होलोग्राम स्वच्छ दिसतोय. घेऊ का? आणि मागवायचं कसं?

उत्तर : विमा कंपन्यांसाठी फुटलेली, भिजलेली आणि रिकामी निघालेली खोकी तपासण्यात माझी तीसेक वर्षं गेली. त्या सगळ्या दाव्यांत बोलायला वाईट असलेला माणूस मला क्वचितच भेटला. तेव्हा तो मुद्दा आपण बाजूला ठेवू.

ज्यांनी हे नाणं पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या माइक काल्डवेल यांनी 2011 पासून ही नाणी काढली. मागच्या बाजूला होलोग्रामचा गोल स्टिकर असतो आणि त्याच्या बारीक खिडकीतून बिटकॉइन पत्त्याची, म्हणजे बँकेतल्या खातेक्रमांकासारख्या क्रमांकाची, पहिली आठ अक्षरं दिसतात. स्टिकरखाली कागदाचा एक चिटोरा असतो, त्यावर प्रायव्हेट की, म्हणजे त्या पत्त्यावरचा बिटकॉइन खर्च करायची गुप्त किल्ली, छापलेली असते. ती की ज्याच्या हाती, बिटकॉइन त्याचा. नोव्हेंबर 2013 मध्ये अमेरिकी सरकारच्या फिनसेन या, काळ्या पैशाच्या व्यवहारांवर नजर ठेवणाऱ्या खात्याचं पत्र आलं आणि काल्डवेल यांनी भरलेली नाणी विकणं थांबवलं. म्हणजे बाजारात आहेत तेवढीच आहेत, आणि कोणीतरी सील सोललं की त्यातलं एक कमी होतं. पहिल्या खेपेच्या होलोग्रामवर नावातला एक 'एस' गळाला होता. त्या चुकीच्या नाण्याला आम्ही लोक जास्त पैसे मोजतो. नाद म्हणतात तो हाच.

गोम अशी, की आत की आहे का आणि ती आणखी कोणाला ठाऊक आहे का, हे सील फोडल्याशिवाय कळत नाही; आणि सील फोडलं की तुम्ही ज्यासाठी पैसे दिले ते नाणंच उरत नाही. 2013 च्या डेफकॉन या हॅकरांच्या संमेलनात हा होलोग्राम द्रावक वापरून उचलून दाखवला गेला. त्यामुळे 'फोटोत स्वच्छ दिसतोय' यावर मी एक पैसाही लावणार नाही. तुम्ही हे नाणं घेता तेव्हा ते आजवर ज्या ज्या हातांतून गेलं त्या सगळ्यांवर भरवसा टाकता. म्हणून पहिला प्रश्न नाण्याबद्दल नको, नाण्याच्या प्रवासाबद्दल विचारा. कोणाकडून घेतलं, केव्हा, पावती आहे का, मधल्या काळात कुठे ठेवलं होतं? 'आठवत नाही' असं उत्तर आलं तर तुम्हीही व्यवहार विसरून जा.

मग घरबसल्या करायच्या दोन गोष्टी. खिडकीतली आठ अक्षरं काल्डवेल यांनी जाहीर केलेल्या यादीतल्या पूर्ण पत्त्याशी जुळवा आणि त्या पत्त्यावर शिल्लक आहे का ते ब्लॉकचेनवर, म्हणजे बिटकॉइनच्या सगळ्या व्यवहारांच्या उघड नोंदवहीत, बघा. हे सगळेच करतात. पुढची गोष्ट फारसं कोणी करत नाही. 1 ऑगस्ट 2017 ला बिटकॉइनमधून बिटकॉइन कॅश फुटून निघालं, तेव्हा प्रत्येक जुन्या पत्त्यावर तितकंच बिटकॉइन कॅशही आपोआप जमा झालं. तुमचं नाणं 2011 चं, म्हणजे त्याच्या पत्त्यावरही ते असलंच पाहिजे. बिटकॉइन जागेवर आणि बिटकॉइन कॅश मात्र उचललेलं, असं दिसलं तर ती की कोणीतरी वाचली आहे. मग सील कितीही चकचकीत असो. विक्रेता 'ते तांत्रिक असतं' म्हणेल. नसतं. ही चाचणी पास झाली म्हणजे नाणं निर्धोक, असं मात्र नाही. दोन्ही ठिकाणी हात न लावता थांबून राहणारेही असतात.

फोटोऐवजी एका दमात काढलेला व्हिडिओ मागा. शेजारी त्या दिवशीची तारीख लिहिलेली चिठ्ठी, प्रकाश आडवा, नाणं हळूहळू कललेलं. हा स्टिकर सोलला तर मागे मधमाश्यांच्या पोळ्यासारखी षटकोनी नक्षी उरते. तिची पुसट रेघ समोरून घेतलेल्या फोटोत लपते, आडव्या उजेडात दिसते. कडेला डिंकाचा वाळलेला थेंब किंवा खिडकीत किंचित सरकलेली अक्षरंही तशीच दिसतात.

पैसे आधी देऊ नका. बिटकॉइन एकदा गेला की बँकेसारखा परत मागता येत नाही. तीनपैकी दोघांच्या सह्या झाल्याशिवाय पैसे हलत नाहीत असा मल्टिसिग पत्ता करा: एक की तुमची, एक विक्रेत्याची, एक दोघांच्या ओळखीच्या जुन्या संग्राहकाची. नाणं नीट पोचलं तर तुम्ही दोघं सही करून पैसे मोकळे करता, तंटा झाला तर तिसरा निवाडा करतो. मध्यस्थाची वेबसाइट विक्रेत्यानेच सुचवली, तर ती त्याचीच आहे असं धरून चाला.

आता ती 'भेटवस्तू'. हा उपकार अजिबात घेऊ नका. कस्टम्स साधारणपणे जगभर तुम्ही प्रत्यक्ष मोजलेली किंमत धरतात. जागतिक व्यापार संघटनेच्या मूल्यांकन कराराचा पायाच तो आहे. पितळेचा भाव किती, हे तिथे कोणी विचारत नाही. खोटा कागद सापडला तर दंड होतो, माल जप्तही होऊ शकतो. आणि माझ्या धंद्यातली गोष्ट सांगायची तर, खोकं हरवलं की दावा त्याच कागदावर उभा राहतो. किरकोळ लिहिलंत, किरकोळच मिळेल. पोस्टाने येत असेल आणि किंमत 300 एसडीआरच्या (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक) वर असेल, तर सीएन 22 हे कस्टम्सचं छोटं लेबल चिकटवून भागत नाही, सीएन 23 हा मोठा फॉर्म भरावा लागतो. त्यात 'संग्राह्य पितळी टोकन' असं खरं, साधं वर्णन लिहायला सांगा. बिटकॉइन हा शब्द खोक्याच्या बाहेर ओरडायची गरज नाही. सविस्तर पावती आत असावी.

विम्याबद्दल. नाणी, सोनं, चांदी साध्या टपालातून पाठवायला आंतरराष्ट्रीय टपाल करारात मनाई आहे. विमा उतरवलेलं पाकीट लागतं, आणि तेही दोन्ही देशांचं पोस्ट ते घेत असेल तरच. कुरिअरच्या अटींत 'नाणी, चलन, संग्राह्य वस्तू' अशी ओळ शोधा. बहुधा ती असतेच, आणि तिच्यापुढे एक तर नकार असतो किंवा भरपाईची चिमूटभर मर्यादा. काउंटरवर जादा पैसे घेऊन जाहीर किंमत लिहून घेतली म्हणजे ती अट मिटली, असं नाही. मौल्यवान वस्तूंचा स्वतंत्र विमा घ्या आणि आतल्या बिटकॉइनची किंमत धरली आहे की फक्त धातूची, हे लेखी विचारा. वाटेत कोणी की टिपून घेतली आणि सहा महिन्यांनी पत्ता रिकामा केला तर? नाणं तुमच्या हातात, सील जागेवर. असा दावा माझ्या टेबलावर आला असता तर मी सिद्ध करा म्हटलं असतं, आणि तुम्हाला ते जमलं नसतं.

पॅकिंगवर माझा स्वतःचा राग आहे, तेव्हा चार ओळी जास्त सहन करा. माझं एक नाणं मऊ पीव्हीसीच्या पाकिटात आलं. पीव्हीसीतला प्लॅस्टिक मऊ ठेवणारा पदार्थ पाझरतो, हे नाणीवाल्यांना ठाऊक असतं. त्या विक्रेत्याला नसावं. पितळेवर हिरवट चिकट थर आणि होलोग्रामची कड नखाएवढी उचललेली. त्याने शपथेवर सांगितलं की सील कोणी सोललेलं नाही, आणि माझा विश्वासही बसला. पण पुढे ते विकायला काढलं तेव्हा माझ्यावर कोणी विश्वास ठेवेना. तेव्हा कडक कॅप्सूल हवी, किंवा नाण्यांची अवस्था तपासून दर्जा देणाऱ्या ग्रेडिंग कंपनीने बंद केलेला स्लॅब, म्हणजे सीलबंद कडक प्लॅस्टिकची डबी. स्लॅब नाण्याच्या अवस्थेची हमी देतो, कीची नाही. ती कॅप्सूल फोममध्ये घट्ट, ते खोकं दुसऱ्या खोक्यात. कानाजवळ हलवून बघायचं: खुळखुळलं तर चोराला आमंत्रण. सांध्यांवर कागदी टेप. अमेरिकी पोस्ट रजिस्टर्ड पार्सलला हीच मागतं, कारण तिच्यावर मारलेल्या शिक्क्याची शाई मुरते आणि टेप उचकटली की शिक्का फाटतो. खोकं आलं की सही करण्याआधी वजन करा, आणि सहा बाजू दाखवून कॅमेऱ्यासमोरच उघडा.

प्रश्न : सील सोललेलं, रिकामं नाणं घेण्यात अर्थ आहे का?

उत्तर : नवशिक्याने तिथूनच सुरुवात करावी. की गेलेली, त्यामुळे धास्ती नाही, विमा धातूचा आणि दुर्मीळपणाचा. मी सोललेली दोन बाळगतो. मूळ चिटोरा सोबत असेल तर तो मागून घ्या.

प्रश्न : विमानातून स्वतःच आणलं तर? एक्स-रेने बिघडेल का?

उत्तर : कागदावर छापलेल्या आकड्याला एक्स-रे काही करत नाही. ज्यात चिप आहे अशी नवी नाणीही सगळे खिशातल्या फोनसारखीच नेतात. हातातल्या बॅगेत ठेवा, चेक-इनच्या नाही. कस्टम्सच्या लाल रांगेत जा आणि पावती वर ठेवा. अधिकारी नाणं बघायला मागेल तेव्हा कॅप्सूलसकट द्या, आणि स्टिकरवरून बोट फिरवायला लागला तर नम्रपणे सांगा की किंमत त्या स्टिकरचीच आहे.