'सापेक्ष' म्हणजे नेमकं कशापेक्षा?

प्रश्न असा आला आहे: "'रिलेटिव्ह एरर'ला 'सापेक्ष त्रुटी'ऐवजी 'तुलनात्मक चूक' म्हटलं तर काय बिघडतं? आणि सर्वेक्षणांत '3 टक्के कमी-जास्त' देतात, ती सापेक्ष त्रुटीच ना?"

बिघडतं. चूक कोणीतरी करतं. त्रुटी मोजण्यातच असते. मिलिमीटरच्या खुणांची पट्टी अर्ध्या मिलिमीटरपुढे धड वाचता येत नाही, यात चुकलं कोण? 'तुलनात्मक' तर नकोच नको. तुलनेला दोन गोष्टी लागतात. इथे त्रुटी एकच आहे, फक्त तिला खऱ्या मापाने (ते ठाऊक नसेल तर वाचनांच्या सरासरीने) भागलं आहे. तरी हा 'तुलनात्मक' भाषणांतून, अहवालांतून कानावर आदळतोच.

आता 'सापेक्ष'. अर्थ सांगणारे बहुतेक जण 'अपेक्षा' म्हणजे इच्छा, आशा एवढं सांगून हात झटकतात. मग सापेक्ष त्रुटी म्हणजे काय, आशा लावून बसलेली त्रुटी? मूळ धातू ईक्ष्, म्हणजे पाहणे. त्याला 'अप' लागला की दुसऱ्या कशाकडे तरी नजर ठेवून पाहणे. आणि गंमत ही की हा शब्द आपण दिवसभर वापरतो, फक्त पहिलं अक्षर गाळून: 'पेक्षा'! 'याच्या अपेक्षेने तो उंच'चं 'याच्यापेक्षा तो उंच' झालं. हिंदीत 'की अपेक्षा' अजून अख्खं शाबूत आहे. तेव्हा सापेक्ष म्हणजे 'पेक्षा'सकट. परिभाषेत कुठे 'आपेक्षिक घनता', कुठे 'सापेक्ष आर्द्रता' असा दुहेरी कारभार चालतो. माझं मत विचाराल तर 'सापेक्ष'च सगळीकडे ठेवावा. त्यातला 'पेक्षा' चटकन ऐकू येतो.

तो ऐकू आला की हिशेबही सुधारतो. एव्हरेस्टची उंची 1856 साली 29,002 फूट (सुमारे 8,840 मीटर) जाहीर झाली. 2020 साली नेपाळ आणि चीनने 8,848.86 मीटर सांगितली. फरक सुमारे 9 मीटर. तीन मजली घराएवढा! पण शिखराच्या मानाने तो हजारात एक भरतो, म्हणजे मीटरभर कापड मोजताना मिलिमीटरभर हुकावं तेवढाच. आणि 1856चं ते माप दीडशेहून जास्त किलोमीटरांवरून, कोन वाचून घेतलेलं. उलट एक सेंटिमीटरची वस्तू मोजताना तोच एक मिलिमीटर हुकला तर 10 टक्के गेले.

भाजक कुठला धरला, हे न सांगता टक्के सांगणारे तर धन्यच. तापमान 20 अंश सेल्सिअस, त्यात एका अंशाची त्रुटी, 'म्हणून 5 टक्के'. तेच तापमान केल्विनमध्ये सुमारे 293; तिथे ती त्रुटी 0.34 टक्के होते. थर्मामीटर तोच, हवाही तीच! सेल्सिअसचं शून्य म्हणजे पाण्याचा गोठणबिंदू, केल्विनच्या शून्यासारखा उष्णतेचा अभाव नव्हे. त्या आकड्याने भागून काही हाती लागत नाही. कशापेक्षा, ते आधी ठरवा.

याच ईक्ष्‌चं कुटुंब पाहा: परीक्षा, निरीक्षण, प्रतीक्षा, उपेक्षा, आणि 'सर्वेक्षण'. सर्व + ईक्षण. माझा तर ठाम संशय आहे की हा शब्द घडवणाऱ्याच्या कानात 'सर्व्हे' घुमत होता. अर्थही जुळला आणि नादही. याला योगायोग म्हणणाऱ्यांनी खुशाल म्हणावं. 'सर्व' पाहिल्याचा आव मात्र नावातच राहिला, पाहिलेला असतो फक्त नमुना.

हां, ते 3 टक्के. ती सापेक्ष त्रुटी नव्हे. साध्या यादृच्छिक पद्धतीने (चिठ्ठ्या टाकून निवडावं तसं) 1,000 जणांना विचारलं आणि 40 टक्के 'हो' म्हणाले, तर 95 टक्के विश्वासपातळीला (म्हणजे असं शंभरदा केलं तर साधारण 95 वेळा खरा आकडा मर्यादेत सापडेल अशा बेताने) फरकाची मर्यादा साधारण 3 येते, पण ते 3 टक्केबिंदू: 37 ते 43. सापेक्ष काढायची तर 3 भागिले 40, साडेसात टक्के. त्याच 1,000 जणांत 6 टक्क्यांनी दुसरं काही निवडलं असेल तर मर्यादा दीड टक्केबिंदूच, पण सापेक्ष पाहिली तर चक्क 25 टक्के! निरपेक्ष, म्हणजे कशानेही न भागलेली, त्रुटी निम्मी झाली आणि सापेक्ष तिपटीहून वाढली. छोट्या गटांचे आकडे छातीठोक सांगणाऱ्यांना हे कोणी सांगत नाही. मर्यादा निम्मी हवी असेल तर माणसं दुप्पट विचारून भागत नाही, चौपट लागतात.

'त्रुटी'चं राहिलंच. धातू त्रुट्, तुटणे. अर्थसंकल्पातली 'तूट' तिची सख्खी बहीण, आणि 'तोटा'ही त्याच घरचा असं मी धरून चालतो. भास्कराचार्यांकडे तर त्रुटी हे काळाचं माप आहे, सेकंदाचा 33,750वा भाग. तेवढं मोजायला त्यांच्याकडे घड्याळ नव्हतं ही गोष्ट वेगळी. आणि लिहिताना 'त्रुटी' दीर्घ, पण समासात 'त्रुटिदर्शक' ऱ्हस्व.