आधी कात्री आणि सूप द्या

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुमच्या गल्लीतल्या एका विडी कामगार ताईंचं घर परवा रात्री शॉर्ट सर्किटनं जळालं. पाचही माणसं वाचली. मंडळानं दुसऱ्याच दिवशी वर्गणी काढली, समाजमंदिरात कपड्यांचा ढीग लागला, पण ताई त्या ढिगाकडे फिरकत नाहीत, कोणाशी बोलत नाहीत. नवरा यंत्रमागावर, सासूबाई म्हाताऱ्या, दोन मुलं शाळेत. "आमचं काही चुकतंय का, आणि पुढे काय करायचं?" असं तुम्ही विचारलंय.

तुमच्या मायेत काही कमी नाही. पण सुरुवात कुठून करायची हे मला सांगावंसं वाटतं, कारण २००८ च्या मार्चमध्ये सोलापुरातल्या साखर पेठेतलं आमचं घर असंच जळालं. मी बारावीत होते, दोन पेपर राहिले होते. आई विड्या वळायची, वडील रात्रपाळीला यंत्रमागावर.

आई तीन दिवस शेजारच्या घरात भिंतीला टेकून बसून होती. चहा दिला तर प्यायची, नाही दिला तर मागायची नाही. येणारा प्रत्येक जण म्हणायचा, "वस्तूच गेल्या ना, माणसं तर वाचली." म्हणणं खरं होतं, पण ते ऐकलं की आई मान आणखी खाली घालायची. जणू भांड्यांसाठी, लग्नातल्या शालूसाठी रडायचा तिला हक्कच नाही. चौथ्या दिवशी दुपारी आमच्या शेजारच्या अक्का आल्या. घरात तेलुगू बोलणाऱ्या, आमच्याशी मोडकं मराठी. त्यांनी स्वतःची पानं कापायची जुनी कात्री, मांडीवर घेऊन विड्या वळायचं एक सूप, आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेली त्यांच्याच वाट्याची निम्मी विडीची पानं आईपुढे ठेवली आणि काही न बोलता शेजारी बसून स्वतः वळायला लागल्या. बराच वेळ गेला. मग आईनं एक पान उचललं, उजेडात धरून शिरा बघितल्या, कापलं. आणखी पाच-सात पानं कापून झाल्यावर मान वर न करता तिनं मला विचारलं, "तुझा पेपर कधी आहे गं?" चार दिवसांतला तिचा तो पहिला प्रश्न होता.

म्हणून सांगते, ताईंना आधी कात्री आणि सूप द्या. ज्या बाईचे हात रोज हजार विड्यांचा हिशेब ठेवतात, तिला रिकामं बसवून तिच्यापुढे लोकांनी नेसून सोडलेल्या साड्या ठेवल्या, तर ती घेणार कशी? काम हातात आलं की माणूस घेणारा राहत नाही, घरचा कर्ता होतो. त्यांच्या नवऱ्यालाही "चार दिवस आराम कर" म्हणू नका. कारखानदाराशी बोला, पाळी बदलून हवी असेल तर ती मिळवून द्या, पण कामावर जाऊ द्या.

याला जोडूनच एक गोष्ट, जी बाहेरच्या माणसाच्या लक्षात येत नाही. घरात जी पानं आणि तंबाखू जळाली, ती ताईंची नव्हती, विडी कारखान्याची होती. तेवढ्या विड्या त्यांच्या नावावर देणं म्हणून निघतात. हे देणं ताईंच्या डोक्यात नक्की घोळत असेल आणि त्या कोणाला सांगणार नाहीत. तुमच्यापैकी दोन बायकांनी त्यांच्यासोबत कारखान्याच्या शाखेत जावं, पंचनाम्याची प्रत दाखवावी आणि जळालेला माल हिशेबातून वगळावा असा अर्ज द्यावा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. विडी कामगाराचं ओळखपत्र जळालं असेल तर त्याच्या दुसऱ्या प्रतीचं आणि पीएफ नंबरचंही तिथेच विचारा.

आता पंचनामा. इथे घाई करा, बाकी सगळं दोन दिवस थांबलं तरी चालेल. महापालिकेच्या अग्निशमन दलाचा दाखला, पोलिसांकडची जळिताची नोंद आणि उत्तर सोलापूर तहसीलच्या तलाठ्यानं (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) केलेला पंचनामा, हे तीनही हवेत. राख उपसण्याआधी चारही बाजूंनी फोटो काढून ठेवा. शासनाच्या आपत्तीच्या यादीत आग आहे, त्यामुळे मदत मिळू शकते. २०२२ ते २०२६ साठीच्या केंद्राच्या निकषांत सपाट भागातल्या पूर्ण नष्ट झालेल्या घराला १ लाख २० हजार रुपये होते, मग ते पक्कं असो की कच्चं. झोपडीला मात्र फक्त ८ हजार. कपड्यांसाठी २,५०० आणि भांड्यांसाठी २,५०० हे वेगळे. म्हणजे कागदावर 'झोपडी' हा एक शब्द पडला तर लाखाच्या वर फरक पडतो. विटांच्या भिंती आणि वर पत्रे असतील तर पंचनाम्यात भिंती कशाच्या होत्या ते स्पष्ट लिहून घ्या. बांधकाम अधिकृत असल्याचं बघितलं जातं, म्हणून घरपट्टीची पावती शोधा, ती जळाली असेल तर महापालिकेतून उतारा काढा. घर भाड्याचं असेल तर घरमालकाचं नुकसान वेगळं आणि ताईंच्या सामानाचं वेगळं, असं नोंदवायला सांगा.

आणि सही करण्याआधी नाव वाचा. आमचा पंचनामा आजोबांच्या नावावर झाला. घर त्यांच्या नावावर होतं, पण ते जाऊन सहा वर्षं झाली होती. एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात वडिलांनी किती फेऱ्या मारल्या, त्याची मोजदाद नाही, प्रत्येक फेरीला एक दिवसाची मजुरी बुडायची. नाव, आडनाव, बँक खात्यावरचं स्पेलिंग, तिन्ही जुळतात का ते तिथल्या तिथे बघा.

कागदपत्रांची सुरुवात मोबाईलच्या सिमकार्डपासून करा, कारण ओटीपी त्यावरच येतो. सिम चालू झालं की ई-आधार निघतं, आणि ते छापील आधारइतकंच चालतं. अंगठा उठत नसेल तर आधार केंद्रात डोळ्यांवरून ओळख पटते. विडी वळणाऱ्या बायकांच्या बोटांचे ठसे झिजलेले असतात, म्हणून हे आधीच सांगते. रेशनसाठी नवं कार्ड यायची वाट बघू नका. दुकानदाराकडे नंबर असतो, धान्य मशीनवर ओळख पटवून मिळतं. घराचा दस्त असेल तर दुय्यम निबंधक कार्यालयातून प्रमाणित प्रत निघते. दहावी-बारावीची गुणपत्रिका गेली असेल तर ती डिजिलॉकरवर बघा, तिथे नसेल तर आपल्या जिल्ह्याचं काम बोर्डाच्या पुणे विभागाकडे आहे. माझं हॉल तिकीट जळालं तेव्हा आमच्या प्राचार्यांनी स्वतः केंद्रावर येऊन ओळख पटवली, दोन्ही पेपर झाले. मुलांच्या मुख्याध्यापकांना आजच भेटा, आई-वडिलांना तिथे जायला लावू नका.

राख टाकून देऊ नका. हे मी हात जोडून सांगते. मंडळाची पोरं उत्साहानं ट्रॉली आणतात आणि तासाभरात सगळं साफ करतात, मन त्यांचं चांगलंच असतं. पण ती राख त्या घराची आहे, ताईंना आणि सासूबाईंना तिथे बसून चाळायचा वेळ द्या. निखारे पूर्ण विझल्यावरच, वीज मीटरपासून तोडल्याची खात्री करून, तोंडाला ओला रुमाल नव्हे तर चांगला मास्क लावून. लोखंडी पेटी किंवा कपाट गरम असताना उघडू नका, बाहेरची हवा आत गेली की धुमसणारे कागद भडकतात. एक दिवस थांबा. आम्ही वाळूच्या चाळणीनं चाळलं. आईच्या मंगळसूत्राच्या दोन वाट्या चपट्या होऊन मिळाल्या. आजीचे देवाचे टाक मिळाले, खंडोबाचा अर्धा वितळलेला, तुळजाभवानीचा काळा पडलेला पण चेहरा ओळखू येणारा. तोवर आजी नीट जेवत नव्हती. टाक हाताला लागल्यावर तिनं ते पदरात बांधले, आणि मग ताट वाढायला सांगितलं. पुढे सराफाकडून त्यातलीच चांदी घालून नवे करून घेतले. ताईंच्या सासूबाईंना विचारा, देव्हारा कोणत्या कोपऱ्यात होता. चाळायला तिथून सुरुवात करा.

नोटा सापडल्या तर एकमेकींना चिकटलेल्या सोडवत बसू नका, पुसूही नका. जशा आहेत तशा कागदात गुंडाळून डब्यात ठेवा. जळून कोळपलेल्या नोटा बँकेच्या शाखेत घेत नाहीत, त्या रिझर्व्ह बँकेच्या कचेरीत द्याव्या लागतात, आपल्याला मुंबई किंवा नवी मुंबईतलं बेलापूर. रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं निघालं की सकाळी पोचता येतं. मंडळातलं कोणीतरी सोबत जा. धूर लागलेलं आणि पाणी पडलेलं धान्य, औषधं मात्र ठेवू नका, कितीही जीव जळला तरी.

कपड्यांचं बोलायचं तर तो ढीग आजच तिथून हलवा. चारचौघांसमोर ढिगातून साडी निवडणं कोणालाही जड जातं. दोन जाणत्या बायकांनी मापं विचारून, दार लावून, चार-चार जोड काढून द्यावेत. आतले कपडे नवेच घ्या, सॅनिटरी पॅड आणा. चादरी आणि टॉवेल आपल्या गावात कमी पडत नाहीत, एखाद्या कारखानदाराला शब्द टाकला तरी होईल. सासूबाईंचा चष्मा, बीपीच्या गोळ्या, चपला, मोबाईलचा चार्जर, धाकट्याचं दप्तर, हे कोणाच्या लक्षात येत नाही, आणि दिवसभर याच वस्तूंवाचून अडतं.

वर्गणी ताईंच्या खात्यावर भरा. कोणी किती दिले हे स्पीकरवर सांगू नका, देतानाचे फोटो टाकू नका. मुलं त्याच शाळेत जाणार आहेत. ताई भिशीत असतील तर त्यांचा नंबर पुढे घ्या आणि पुढचे हप्ते दोन-तीन महिने लांबवा. हे बायकांनी बायकांत ठरवलं तर मदत घेतल्यासारखं वाटत नाही, हक्काचंच मिळतं. आमच्या आईला तिच्या भिशीनं असंच सांभाळलं, नव्या घराचे पत्रे त्या पैशांतून आले. मायक्रोफायनान्सवाल्यांचं गटाचं कर्ज असेल तर आठवड्याचा हप्ता थांबत नाही. पंचनामा जोडून शाखेत लेखी मुदत मागा, वसुलीच्या दिवशी कोणीतरी ताईंच्या शेजारी बसा.

(तुमच्याकडे कारण शॉर्ट सर्किट निघालंय, पण हे वाचणाऱ्या दुसऱ्या कोणासाठी: आगीचं मूळ कारण गॅस असेल तर तेल कंपन्यांचा विमा असतो. नोंदणी असलेल्या पत्त्यावरच्या मालमत्तेला एका घटनेत २ लाखांपर्यंत. वितरकाला त्याच दिवशी लेखी कळवा. घरावर कर्ज असेल तर बँकेनं काढलेला आगीचा विमाही विचारा.)

सगळ्यात अवघड तिसरा आठवडा. पहिले तीन दिवस सहा घरांतून डबे येतात, अन्न वाया जातं. विसाव्या दिवशी कोणी येत नाही, आणि नेमकं तेव्हा रात्री झोप उडते. माझा धाकटा भाऊ सात वर्षांचा होता. काडी ओढल्याचा आवाज आला तरी घराबाहेर पळायचा, अंथरूण ओलं करायचा. त्याला कोणी रागावलं नाही, अक्कांनी रोज संध्याकाळी दिवा लावताना त्याचा हात धरून ठेवला, तेवढ्यानं दोन-अडीच महिन्यांत सुटलं. ताईंच्या मुलांकडे असं लक्ष ठेवा. ताई स्वतः महिनाभरानंतरही गप्पच राहिल्या तर १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी हेल्पलाइनच्या क्रमांकावर फोन करा, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत.

म्हणून एक शंभर पानी वही घ्या आणि ती सांभाळायला एकच माणूस नेमा. मंडळाचा अध्यक्ष नको, ज्याचं घर ताईंच्या वाटेवर आहे असं कोणीतरी. त्यात बारा आठवडे आखा. कोणत्या वारी कोणाचा डबा, तहसीलला कोण जाणार, मुलांना शाळेत कोण सोडणार. पहिल्या आठवड्याचे डबे निम्मे करा आणि उरलेली घरं चौथ्या-पाचव्या आठवड्यात लिहा. तेव्हा कडक भाकरी आणि शेंगाचटणी आणून ठेवली तरी पुष्कळ, ती टिकते आणि ताईंना वेळेवर पानांना बसता येतं. वही ताईंना बघायला द्या. त्यांना एखादी ओळ खोडायची असेल तर खोडू द्या.

कात्री मात्र आजच न्या. कोणाच्या घरात वापरातली असेल तर तीच न्या, नवीपेक्षा हाताला लवकर बसते.